करंजेल

त्या शिकाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही, तेच बरं झालं. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं, तेव्हाची गोष्ट. हिवाळ्यात तो मुंबईहून सफाळ्याला यायचा आणि माझ्या चहाच्या दुकानात बसून, गोचीड लागू नये म्हणून, करंजेलात कापूर घोटून खाकी पँटीला चोपडायचा. उरलेलं कुत्र्याला चोळायचा. करंजेल हाकाऱ्यांच्याच पाड्यावर करंजाच्या बियांतून काढलेलं. आणि रान उठवायला गवतात आधी घुसणारे हे हाकारे नुसत्या लंगोटीवर.

"आमाला पन थोडा द्या ना, शेट," मानेवरची गोचीड उपटत एक हाकारा म्हणाला.

"हे कपड्यांना लावायचं असतं. तुमच्या अंगावर कपडे कुठे आहेत?"

माझं डोकंच फिरलं. "मग कुत्र्याने काय कोट घातलाय?"

"कुत्रा माझा आहे," तो म्हणाला आणि त्याने चहा मागितला.