सात घरांचा एकच लाडू

माझ्या नवऱ्याच्या मते मी चिंगूस आहे आणि माझ्या मते मी हिशोबी आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी हा वाद मिटलेला नाही. तो रोज मोटरसायकलने वरठीला कारखान्यात जातो. येताना भाजी आणायला सांगितली तर भाव न विचारता आणतो, वर म्हणतो, "विचाराले लाज वाटते." अशा माणसाच्या हाती दिवाळीचा किराणा देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं मी म्हणणार नाही, कारण चोर निदान स्वतःचा फायदा तरी बघतो. म्हणून आमच्या घरी किराणा मीच आणते.

आमच्या भागात दिवाळीचा किराणा हे साधं काम नाही. इतरांची दिवाळी भाऊबीजेला संपते, आमच्याकडे त्यानंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते. प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस वेगळा, आणि ज्या गावाची मंडई त्या गावात सगळे सोयरे हजर. दुकानं लागतात, पाळणे येतात, दंडारीची नाटकं होतात, पण खरी गर्दी असते घरांत. पाहुण्याने एका घरी बसून उठून जायचं नसतं. भावकीतल्या प्रत्येक घरी जायचं, प्रत्येक घरी काहीतरी तोंडात टाकायचं. एक घर सुटलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे दिवाळीचा फराळ दिवाळीत खायचा नसतो, मंडईसाठी जपायचा असतो. पोरं लहान असताना मी लाडवांचे डबे धानाच्या कोठीत पुरून ठेवले आहेत.

करडी गावात आमची गल्ली सात घरांची, सगळी एका आडनावाची. रस्त्याकडून पहिलं घर आमचं. शेवटचं, धानाला पाणी देणाऱ्या बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, पाळीला लागून, मोठ्या आईचं. मोठी आई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. दोघे भाऊ आता नाहीत. मोठी आई एकटी राहते, शेती ठेक्याने देते, पाच शेळ्या पाळते आणि गल्लीतल्या सगळ्यांना बोलते. तिच्या बोलण्यातून मी सुटले असते तर मला चुकल्यासारखं वाटलं असतं.

तिला एकच मुलगी, म्हणजे माझी चुलत नणंद. ती आंबागडकडे दिलेली. दर मंडईला सासरच्या आठ-नऊ माणसांसोबत यायची आणि संध्याकाळी त्यांच्यासोबतच परत जायची. मोठ्या आईला वाटायचं, पोरीने चार दिवस माहेरी राहावं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ती एकदाही राहिली नव्हती. विहीणबाई यायच्या, चहा घ्यायच्या, घरावरून एक नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "एकट्या बाईच्या घरी पोरगी ठेवून तुमाले कायले तरास द्याचा जी?" बोलणं साखरेचं, पण अर्थ सरळ होता की या घरी खायला-प्यायला काय असणार. मोठ्या आईला तो पहिल्याच वर्षी कळला होता.

"एक डाव त्या बाईचं पोट माह्या घरी भरलं पाहिजे," ती मला म्हणायची. "मंग पाहून घेईन, पोरगी कशी ठेवत नाही तं."

दोन वर्षांपूर्वी तेलाचे भाव असे चढले की माझ्यातली हिशोबी बाई जागी झाली. ती तशी झोपते कधी, असं माझा नवरा विचारेल. सात घरं किलो-किलोने चिल्लर किराणा आणतात, सात चुलींवर सात कढया तापतात, हे मला पाहवेना. मी गल्लीतल्या बायकांना जमवलं आणि योजना मांडली. तुमसरहून ठोक भावात साखरेचं एक पोतं आणि तेलाचे पिपे आणायचे. लाडवांची आणि शेवेची चण्याची डाळ एकदाच दळून घ्यायची. सगळं माझ्या अंगणात, एकाच कढईत करायचं आणि सात वाटे करून घरी न्यायचं. कढईत आधी शंकरपाळे, मग शेव आणि सगळ्यात शेवटी तिखट चकल्या, म्हणजे एकाच तेलात सगळं निघतं. खोबऱ्याच्या वडीत अर्धा रवा. काजूला रजा, त्यांच्या जागी शेंगदाणे. वेलची सालीसकट साखरेसोबत वाटायची, कारण साल काय फुकट येते?

बायका खूश झाल्या. मोठी आई मात्र विचारात पडली.

"सगळ्याइचं एकच?" ती म्हणाली. "पाव्हना म्हनन, या गल्लीत एकच बाई रांधते अन बाकीच्या झोपा काढतेत."

"पाव्हण्याले चवीशी मतलब, मोठी आई," मी म्हणाले.

"मी अनारसे करीन म्हनत होतो."

अनारसे मीच यादीतून खोडले. तूप लागतं, खसखस लागते, तीन दिवस तांदूळ भिजत ठेवावे लागतात, आणि गूळ जरा जास्त झाला की कढईत विरघळून सगळं तूप वाया. मी तिला हे असं समजावलं की जणू तिने जन्मात अनारसे पाहिले नव्हते. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या वाट्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले.

तीन दिवस अंगणात कढई चालली. आम्ही हसलो, भांडलो, अर्ध्या गावाची लग्नं जुळवली आणि मोडली. शेवटी मी वहीत बघून जाहीर केलं की प्रत्येक घराचे साडेआठशे रुपये वाचले. एकीने टाळ्या वाजवल्या. मी इतकी फुगले की वाढायचे नियमही मीच ठरवून दिले. बशीत एक लाडू, एक वडी, मूठभर चिवडा. मागितलं तरच पुन्हा वाढायचं.

मंडईच्या दिवशी आंबागडचे पाहुणे उतरले आणि पहिलं घर म्हणून माझ्याकडे आले. भूक लागलेली होती. त्यांनी लाडू खाल्ले, वड्या खाल्ल्या, मागून मागून खाल्ल्या. विहीणबाई म्हणाल्या, "हात गोड हाय जी तुमचा." पुढचं कौतुकही आपल्या कानांनी ऐकावं म्हणून मी त्यांच्यासोबत गल्लीत निघाले. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

दुसऱ्या घरी तोच लाडू. विहीणबाई म्हणाल्या, "हाबी तसाच झाला बरं." तिसऱ्या घरी त्यांनी लाडू उलटा करून पाहिला. चौथ्या घरी त्यांचे यजमान, जे एरवी तोंड उघडत नाहीत, हसून म्हणाले, "काहून जी, हा लाडू आमच्या संगं संगं फिरून राहिला का? आमी बसलो का हा येते अन पुढ्यात बसते." सगळे हसले. मीही हसले, कारण तोपर्यंत मला तो विनोदच वाटत होता. पाचव्या घरी त्यांनी फक्त चिवड्याचे चार दाणे उचलले. सहाव्या घरी पाणी प्यायले.

सातव्या घरी मोठ्या आईने अंगण सारवून रांगोळी काढली होती. शेजारून खुर्च्या आणल्या होत्या. माझा नियम तिने धाब्यावर बसवला होता. प्रत्येक ताटलीत चार लाडू, चार वड्या आणि चिवड्याचा डोंगर. ताटल्या नव्या होत्या, त्यांच्यावरचा दुकानातला कागदही पुरता निघाला नव्हता.

"आता नाही जात जी," विहीणबाई म्हणाल्या. "सहा घरी हेच खाल्लं."

त्यांच्या बोलण्यात या वेळी खोट नव्हती. त्यांचं पोट खरोखरच भरलं होतं.

"एक तरी घ्या," मोठी आई म्हणाली.

विहीणबाईंनी लाडवाचा कण मोडून तोंडात टाकला, मान राखायला, आणि ताटली खाली ठेवली. अर्धा कप चहा झाला. मोठ्या आईने धीर करून विचारलं, "पोरीले राहू द्या का दोन दिवस?" उत्तर ठरलेलं होतं, तेच आलं. उजेड आहे तोवर निघू म्हणून सगळे उठले. नणंद चपला घालताना दोनदा मागे बघत होती.

ते गेल्यावर मोठी आई भरलेल्या ताटल्या एकात एक रिकाम्या करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुहे साडेआठशे वाचले. माहं काय वाचलं, सांग बरं?"

तिला वर्षातून एकदाच पाहुणे येतात, आणि त्यांना मी तिच्याआधी सहा घरी तिचेच लाडू चारून आणलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याने बूट काढता काढता शांतपणे विचारलं, "अति शहाणा त्याचा बैल कसा राहते म्हनतेत?" बावीस वर्षांत त्याला एवढी चांगली संधी मिळाली नव्हती, म्हणून मी त्याला ती घेऊ दिली. दुसऱ्या दिवशी मोठ्या आईच्या शेळ्या चिवडा खाताना दिसल्या.

गेल्या वर्षी मी पुन्हा बायकांना जमवलं. साखरेचं पोतं आणि तेलाचे पिपे ठोकातच आणायचे, कारण मला पश्चात्ताप झाला होता, वेड लागलं नव्हतं. पण रांधायचं ज्याच्या त्याच्या घरी, आणि प्रत्येक घरी एक वस्तू अशी की जी दुसऱ्या घरी नाही. शिवाय आंबागडचे पाहुणे या वेळी बोडीकडून येतील, म्हणजे पहिलं घर मोठ्या आईचं. रस्त्यावर उतरलेला पाहुणा बोडीकडे कसा जाईल, असं एकीने विचारलं. ते काम नवऱ्याने घेतलं. रस्त्यावर मोटरसायकल घेऊन उभं राहायचं आणि पाहुण्यांना पाळीवरच्या वाटेने न्यायचं. पैसे न वाचवता करण्यासारखं काम असलं की तो फार उत्साही असतो.

मोठी आई आमच्या ठोकात आली नाही. "मी चिल्लरच घेतो," म्हणाली. तिची पिशवी धरायला म्हणून मी बाजारात गेले आणि माझ्या जिवाची परीक्षाच झाली. तिने तूप घेतलं आणि भाव केला नाही. खसखशीचा भाव ऐकून मला घाम फुटला, तर ती म्हणाली, "अजून टाक बाबू, काटा झुकला पाहिजे." मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

तांदूळ तिचा घरचा, मागच्या साली निघालेला, कारण नव्या तांदळाचा अनारसा तुपात टिकत नाही. तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, सुकवून कांडला, गुळात मळून गोळा मुरत ठेवला. मंडईच्या सकाळी ती चुलीपाशी बसली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू दूर बस. तू मोजशीन."

पाहुणे पाळीवरून चालत आले, त्यामुळे भूक दुप्पट झालेली. विहीणबाईंनी एक अनारसा खाल्ला. दुसरा आपल्या हाताने उचलून घेतला. तिसरा घेताना म्हणाल्या, "खसखस बाकी हात सोडून टाकली जी." त्यांचे यजमान खात राहिले. मोठी आई वाढत राहिली. मी खरंच मोजत नव्हते, तरी सांगते की डब्यात शेवटी नुसता चुरा उरला.

विहीणबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि सुनेला म्हणाल्या, "तू कायले येतेस वो आज? राह्य चार दिवस. हे अनारसे शिकून घे आईजवळून, मंग ये."

नणंदेने पिशवी पाठीमागे लपवली, जणू कोणी ती परत उचलून देईल. मोठ्या आईने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा रिकाम्या डब्याकडे, आणि माझं मनगट धरून मला चुलीमागे नेलं.

"हे लोक आता तुह्या घरी पोचले तरी एक दाना खात नाहीत," ती माझ्या कानात म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. "तुहे लाडू उरतीन. माह्या पोरीले चार दिवस पुरतीन येवढे आनून दे. अन मोजून नोको आनू."

मी डबाच नेऊन दिला.