अंगणातली बर्फाची न्हाणी

माझ्या जावयाचे वडील गेले तेव्हा मी त्याच्याशी दोन वाक्यं बोललो. पहिलं, फार वाईट झालं. दुसरं, जेवून घे. चार वर्षांतलं आमचं ते सगळ्यात मोठं संभाषण. यात त्याचा दोष काहीच नव्हता. मुलीनं फिनलंडचा नवरा केला म्हणून माझं तोंड वाकडं झालं होतं. पुढे राग ओसरला, पण वाकडं झालेलं तोंड सरळ कसं करायचं ते काही मला जमेना.

बायको गेल्यावर मी बेळगाव सोडून बेंगळुरूला मुलीकडे राहायला आलो होतो. सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूला त्यांचं तळमजल्याचं भाड्याचं घर, मागे सिमेंटचं लहानसं अंगण. जावई वडिलांचे अंत्यविधी उरकून नोव्हेंबरात परत आला तो गप्पच झाला. मुळात तो मितभाषी, पण आता मुलीशीही बोलेना. ऑफिसचं काम करायचा, भांडी घासायचा आणि खिडकीपाशी बसून राहायचा. एक दिवस पोळ्या लाटता लाटता मुलीला रडू फुटलं.

"अप्पा, तो एकदाही रडला नाही हो. असाच आत आत जात राहिला तर? मला भीती वाटायलीय."

"मग त्याला हवंय तरी काय?"

"काही नको म्हणतोय. नुसतं एकदा म्हणाला, यंदाची सौना राहिली."

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ करवतीनं कापून, त्याच्या लाद्या रचून केलेली एक खोली. आत तापलेले दगड ठेवायचे, त्यावर पाणी टाकायचं आणि वाफेत बसायचं. भिंती बर्फाच्या आणि आत घामाच्या धारा. जावई आणि त्याचे वडील दर हिवाळ्यात दोघं मिळून ती बांधायचे.

मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. बेळगावात एकतीस वर्षं मी बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. जावयाच्या दुनियेतली मला कळेल अशी ही पहिलीच गोष्ट. मी उठलो, त्याच्या खोलीत गेलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "भिंत फूटभर जाड दिसते. बरोबर?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हातानं माप दाखवून म्हणाला, "थोडी जास्त."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं के. आर. पुरमच्या बाजूला एका बर्फाच्या कारखान्यात गेलो. अमोनियाचा तो वास नाकात गेला आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तिथला म्हातारा माझ्याच वयाचा. मी कानडीत अठरा लाद्या मागितल्या, त्याही थेट टाकीतून काढलेल्या, कडक.

"एवढ्या कशाला अण्णा? लग्न आहे?"

"नाही. न्हायला पाहिजेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग सहा फुटी गोऱ्या जावयाकडे बघितलं. "सरी," म्हणाला, म्हणजे बरं. वेड्याला समजावू नये इतकं शहाणपण त्याच्याकडे होतं. जावई मात्र लादीवर हात फिरवत उभा होता. मधला भाग पांढरा का, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, पाणी बाहेरून गोठत आत जातं आणि शेवटी हवा मध्ये कोंडते. आमच्या तळ्याचा बर्फ काचेसारखा असतो, तो म्हणाला. त्या महिन्यात त्यानं आपण होऊन सांगितलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

डिसेंबरातल्या एका रविवारी उजाडता उजाडता टेम्पो आला. हवेत चांगला गारवा होता. कंपाउंडची भिंत पाठीशी धरून उरलेल्या तीन बाजू बर्फाच्या करायच्या, वर बांबू आणि ओली गोणपाटं टाकायची असा बेत होता. आम्ही दोघं आकडे लावून लाद्या ओढायचो, उचलायचो. टेम्पोतून पोतंभर लाकडाचा भुसा उतरवून घेतला होता. पहिला थर झाला की मी मुठी भरभरून भुसा पसरायचो, त्यावर दुसरा थर. हात कसे झरझर चालत होते! किती वर्षांनी मी कुणालातरी "उचल, हं, सोड" असं म्हणत होतो.

तिसरा थर चढवला आणि डावी भिंत सरकली. वरची लादी जावयाच्या पावलापासून वीतभर अंतरावर आपटून फुटली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाद्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये भुसा घालायचा, हेच मी आयुष्यभर केलं होतं. भुसा कमी पडला म्हणून माणसांना शिव्या घातल्या होत्या. आणि इथे तर लाद्या चिकटायला हव्या होत्या! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, माझी खोड त्याचा पाय घेऊन जाणार होती.

"तुला दिसत होतं ना? मग बोलला का नाहीस?" मी उलट त्याच्यावरच ओरडलो.

तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही पहिल्यांदाच माझ्यासोबत काही करत होता. मला ते थांबवायचं नव्हतं."

मी नळाला पाइप लावला. एकेक लादी धुऊन भुसा काढला आणि आम्ही नव्यानं सुरुवात केली. या वेळी तो सांगत होता, मी ऐकत होतो. लादीवर लादी ठेवायची, फटीत थोडं पाणी सोडायचं आणि दोघांनी दाबून धरायचं. बर्फ बर्फाला धरतो. सांधा पक्का झाला की तो मान हलवायचा.

अकराच्या सुमाराला खोली उभी राहिली. अंगणाच्या कोपऱ्यात लाकडं पेटवून दगड तापवले होते, ते घमेल्यातून आत नेले. त्यांच्या देशात आत काही घालून बसत नाहीत, असं मुलीनं मला हळूच सांगून ठेवलं होतं. आमच्यात बसतात, असं सांगून मी पंचा गुंडाळला. माझा मान राखून त्यानंही हाफ पँट घातली.

आत दोघांपुरतीच जागा. गुडघ्याला गुडघा लागत होता. भिंतीतून निळसर उजेड येत होता आणि सगळीकडून पाणी ठिबकत होतं. त्यानं बादलीतला आमटीचा डाव माझ्या हातात दिला. "आमच्याकडे पाणी वडील टाकतात," एवढंच बोलला.

मी अंदाज चुकून डावभर पाणी ओतलं. चर्रर झालं, वाफ अंगावर आली आणि माझे कान भाजले. तो हसला. मोठ्यानं हसला, आणि हसता हसता त्याचं रडणं केव्हा सुरू झालं ते मला कळलं नाही. वडिलांना हाका मारत होता बहुतेक. त्याची भाषा मला येत नाही, पण ती हाक कोणत्याही भाषेत कळते. मीही रडलो, बायकोसाठी. तिच्या दिवसांतही मला असं रडता आलं नव्हतं. त्या वाफेबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे आणि हे त्याला मी नंतर तोंडानं सांगितलंही.

मग तो वळला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. ती भली मोठी लालबुंद पाठ माझ्यासमोर. त्यांच्यातही बाप मुलाची पाठ चोळतो की काय, मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. तळहात ओला केला आणि मानेपासून सुरुवात केली.

भिंती खचून वरच्या गोणपाटाला ओढ बसायला लागली होती. बाहेरून मुलीचा घाबरा आवाज आला, "अप्पा, वितळायलंय सगळं! बाहेर या की दोघं."

"थांब जरा," मी म्हटलं. "पोराची पाठ चोळायलोय."