फाइल कोणी लावली

ही गोष्ट मी अजून कोणालाच सांगितलेली नाही. एरवी माझ्या तोंडून आमच्या उमेळे गावात सुटलेली गोष्ट जेवणवेळेपर्यंत पाचूबंदरला पोचते — पण ही नाही. माझ्या बायकोला, रोझीलाही नाही.

माझी मोठी बहीण रेजा. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, पण ओठ असे वाचते की आमच्या घरात कोणाला पुटपुटायचीही सोय नाही. बाबा सरकारी नोकरीत होते. त्यांच्यामागे पेन्शन आईला मिळे. आई गेल्यावर दिव्यांग मुलगी म्हणून रेजाला मिळायची होती. त्यासाठी अर्ज करायचा होता.

कागद तिनेच जमवले. दिव्यांगत्वाचा दाखला सगळ्यात वर, मग दोन्ही मृत्यूदाखले, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, आणि चर्चच्या जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून लावलेल्या खुणा. मी काय केलं? रिक्षा बोलावली.

कचेरीतल्या साहेबांनी फाइल चाळली, चष्मा काढला. "सगळं आहे. इतकी नीट फाइल — कोणी लावली हो?"

रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते. आणि प्रेक्षक दिसले की माझं काय होतं, ते सणाच्या नाटकांत अख्ख्या गावाने पाहिलंय. मी छातीवर हात ठेवला. "मीच, साहेब. तिला बिचारीला काय कळतंय?"

रेजा माझ्या ओठांकडेच बघत होती.

पेन्शन अडेल म्हणून बोललो का? छे — काम तर झालंच होतं. मला ती शाबासकी हवी होती.

घरी तिने रोझीला हातवारे करून अख्खा प्रसंग दाखवला. साहेबांचा चष्मा, माझा छातीवरचा हात — रोझी हसून हसून खाली बसली. फक्त त्या हाताबरोबर मी काय बोललो, ते रेजाने गाळलं.

पुढच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा होता. रेजाने फाइलमधले सगळे कागद सुटे करून माझ्यासमोर ओतले, स्वतःपुरता चहा आणला आणि खुर्ची ओढून समोर बसली. मी लावतोय, पुन्हा काढतोय — आईच्या मृत्यूदाखल्यामागे विजेचं बिल. शेवटी तिने मला बाजूला सारलं. पाच मिनिटांत फाइल तयार.

मग तिने वर पाहिलं. माझ्या ओठांकडे. थांबली.

मी म्हणालो, "चहा उरलाय का?"

तिने कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. मी प्यायलो.