सिंकपुढची चार बोटं

महिपती उतेकर पहिल्या भेटीत मला अजिबात आवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कापडे गावचा हा ग्रॅनाइट बसवणारा मिस्त्री आमच्या नाते गावातल्या घरी ओट्याचं माप घ्यायला आला आणि आल्या आल्या मला म्हणाला, "बाई, हितं हुब्या ऱ्हावा आन भाकरी थापा."

पीठ नाही, परात नाही. शाळेत चाळीस पोरांना नजरेने गप्प बसवणारी मी, आणि हा मला हवेत भाकरी थापायला लावतोय! चिडत चिडत थापली. त्याने माझ्या कोपरापाशी टेप धरली, चार बोटं खाली येऊन भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली आणि म्हणाला, "मुंबैच्या मापानं ओटा केला का बाई मानूस दोन वर्सात कंबर धरतं." एवढं बोलून वर चहाही न घेता निघून गेला.

आमचे हे, म्हणजे बुद्धरत्न, मुंबईला नोकरीला. त्यांनी कुणाच्या तरी फ्लॅटमधला पांढराशुभ्र संगमरवरी ओटा पाहिला होता आणि त्याचे फोटो मला रोज पाठवत होते. सासूबाई येसूबाई कडप्प्यावर अडून बसल्या होत्या. तेलाचा बोळा फिरवला की कडप्पा जन्मभर काळाभोर राहतो, असं त्यांचं म्हणणं. महिपतीने दोघांशीही वाद घातला नाही. पुढच्या खेपेला पिशवीतून दगडाचे तीन तुकडे काढले, संगमरवर, कडप्पा आणि ग्रॅनाइट. माझ्याकडून कोकमाच्या आगळाची वाटी आणि हळद मागून घेतली, प्रत्येक तुकड्यावर थोडं थोडं टाकलं आणि म्हणाला, "सकाळी पुसून बघा." सकाळी संगमरवराची चकाकी कोकमाने खाल्लेली, वर हळदीचा पिवळा डाग. कडप्प्यावरही पांढुरका चट्टा उठलेला. ग्रॅनाइट मात्र फडक्याच्या एका हातात साफ. त्याचा फोटो काढून मी बुद्धरत्नला पाठवला. त्यानंतर संगमरवराचे फोटो येणं बंद झालं.

महिपती बावन्न वर्षांचा. तरुणपणी भांडुपला दगडाच्या वखारीत आठ वर्षं राबला, मग गावी परतला. पोलादपूरपासून रायगडाच्या पायथ्यापर्यंत निम्म्या घरांतले ओटे त्याच्या हातचे. पण लोक त्याला बोलवायचे ते हातापेक्षा कानासाठी. मधल्या बोटाचं हाड तो दगडावर टकटक वाजवायचा आणि आत तडा आहे की नाही ते सांगायचा. चांगला दगड खणखणीत बोलतो, आतून फुटका बद्द वाजतो. महाडला राजेंद्रशेठच्या दुकानात गिऱ्हाईक आधी विचारायचं, "महिपतीनं ऐकला का?" मगच टेम्पो लागायचा.

त्याची आणखी एक तऱ्हा होती, ती बाकी कुठल्याच मिस्त्रीने उचलली नाही. दगड नुसता आधारांवर टेकवला, सिमेंट लावायचं बाकी आहे, अशा वेळी तो सिंकच्या भोकापुढे उरलेल्या चार बोटं रुंदीच्या पट्टीवर नारळ फोडायचा. ओट्याची सगळ्यात नाजूक जागा तीच. दगड तडकणारच असेल तर तिथे, आणि आत्ताच. माझ्या शाळेत शिकवणाऱ्या वैशालीच्या घरी मधल्या दिवसांत मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या सासऱ्यांनी उदबत्ती पुढे केली तर महिपती म्हणाला होता, "पूजा तुमची तुमी करा. ह्यो नारळ म्हंजे माजी सही."

दुकानात दगड निवडायला मीही त्याच्याबरोबर गेले. तपकिरी-काळ्या रंगावर गव्हाच्या दाण्यांसारखे ठिपके असलेला एक दगड मला पाहताक्षणी आवडला. महिपतीने तो वाजवला. पुन्हा वाजवला. तळहात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. आवारात कटर चालू होता, त्याच्याकडे बघून "आवाज लई हाय" म्हणाला आणि तिसऱ्यांदा वाजवायला वाकला. मला दुपारच्या शाळेत पोचायचं होतं. "मिस्त्री, पुरे झालं आता, हाच द्या," मी म्हटलं. त्याने वाकवलेलं बोट सरळ केलं. मग मान हलवली.

ओटा बसवायचा दिवस ठरला बुधवार. रविवारी आमच्या घरी भंतेंचा परित्राणपाठ होता, तीस-पस्तीस माणसांचं जेवण. बारा दिवस आम्ही पडवीत शेगडी मांडून रांधत होतो. भांडी पलंगाखाली, डबे पोरीच्या अभ्यासाच्या टेबलावर, आणि सासूबाईंना रोज एक तरी वस्तू सापडायची नाही. माझा जीव मेटाकुटीला आला होता. मला बुधवारी संध्याकाळी ओटा हवा होता, बस्स.

सकाळी चार जणांनी दगड आत आणून कडप्प्याच्या उभ्या आधारांवर टेकवला. महिपतीने सिंकचं भोक कापलं. घरभर धूळ. कापून झाल्यावर तो पट्टीवर पाणी मारायचा, सुकेपर्यंत डोळे लावून बघायचा, पुन्हा मारायचा. मला वाटलं, धुतोय. दगड सुकताना तडा तेवढा ओला राहतो, हे मला नंतर कळलं. पण माझ्या आवडत्या ठिपक्यांच्या गर्दीत असली बारीक रेघ देवालाही दिसली नसती.

मग त्याने एकदम घमेल्यात सिमेंट ओतलं.

"मिस्त्री, नारळ?" मी विचारलं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्यात चालत नाय ना बाई. ऱ्हाऊ द्या."

माझं डोकं सणकलं. 'तुमच्यात' हा शब्द मी लहानपणापासून नाना चालींत ऐकत आलेय. विहिरीवर ऐकलाय, लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, शिक्षक म्हणून रुजू झाले त्या दिवशी गोड हसून विचारलेलाही ऐकलाय. तो कानावर पडला की पुढचं मला ऐकूच येत नाही. वैशालीच्या घरी सही आणि आमच्या घरी नाही? तिकडे पूजा नव्हती, इकडे झाली?

"आमच्या घरात नारळ खातात, म्हणजे फोडतातही," मी म्हटलं. पलंगाखालच्या टोपलीतून एक नारळ काढून त्याच्यापुढे धरला. "सगळ्यांच्या दगडावर सही करता, माझ्याही करा. नाहीतर सिमेंटला हात लावू नका."

चारही हमाल जमिनीकडे बघू लागले. दारात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "फोड रं महिपती. आमी काय बाटत नाय त्यानं."

त्याने नारळ घेतला. पट्टीसमोर उभा राहिला, हात वर नेला आणि हात तिथेच थांबला. खाली आणला. पुन्हा नेला. त्याच्या कपाळावरून धुळीत घामाचे ओघळ उतरत होते. मी आडदांडासारखी समोर उभी. फोड, फोड, असं मनातल्या मनात म्हणत होते, आणि माझ्या लक्षात येत होतं की हा माणूस आमच्या घराला घाबरलेला नाही. दगडाला घाबरलाय.

त्याने नारळ अलगद खाली ठेवला. हमालांना म्हणाला, "जावा रं, चा पिऊन या." ते गेल्यावर भिंतीला टेकून बसला.

"मला ऐकू येत नाय बाई," तो म्हणाला. "सा महिनं झालं. उजवा कान पार गेला, कटरनं खाल्ला. डाव्यानं बोलनं कळतं, मानूस समोर असला तर. दगडाचं नाय कळत."

"मग हा दगड?"

"अंदाजानं घेतला. रातभर झोप नाय मला. चांगला बी असंल. पर नारळ मारला आन फुटला तर चार मानसांम्होरं फुटनार. शेटला कळलं का माजं काम बंद. माज्या कानावर लोक दगड घेत्यात बाई, हाताचं कौतुक कुनाला हाय?"

दया यायला हवी होती. आली नाही, राग आला. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या कानाचं दुखणं तुम्ही आमच्या धम्मावर ढकललंत. मी आयुष्यभर मनात घेऊन बसले असते की महिपतीने आमच्या घरी सही केली नाही."

त्याने हात जोडले. "चुकलं," म्हणाला. "सुचलं ते बोललो. तुमाला लागंल, ह्ये तवा ध्यानातच आलं नाय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मग माझ्याही आलं. कारण दुकानात तो तिसऱ्यांदा वाकला तेव्हा घाई मी केली होती.

"वाजवायचं कसं ते सांगा," मी म्हटलं.

त्याने दाखवलं. बोट वाकवायचं, मनगट सैल, मारून लगेच उचलायचं. मी डाव्या टोकापासून सुरुवात केली. खण. खण. खण. दगड घंटेसारखा स्वच्छ बोलत होता. महिपती माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. सिंकच्या भोकाची डावी कड, खण. पट्टीचा मध्य, खण. अजून वीतभर पुढे सरकले.

बद्द.

पुन्हा वाजवलं. बद्द. मडकं फुटकं निघावं तसा आवाज.

खरं सांगते, त्या क्षणी मला खोटं बोलायचं होतं. रविवार डोळ्यांपुढे होता, पडवीतली शेगडी होती, पलंगाखालची भांडी होती. नारळ कुणी मारणार नव्हतंच. सिमेंट लागलं असतं तर दगड दोन वर्षं टिकला असता, कदाचित चार. आणि त्याला कळणार कसं होतं? त्याच्याकडे माझ्या तोंडाशिवाय दुसरा पुरावाच नव्हता. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही ऐकू आलं होतं, पण त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. माझ्यावर सोडलं त्यांनी.

"फुटका आहे मिस्त्री," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले, उघडले आणि घमेल्यातलं सिमेंट अंगणात नेऊन ओतलं. "दुसरा दगड माज्या अंगावर," म्हणाला. "उद्या सकाळी दुकानात या. तुमीच वाजवा."

तो निघताना मी एक हुशारी केली. "शेठना कळायची गरज नाही," मी म्हटलं. "मी नुसती हात फिरवल्यासारखं करून वाजवीन. चांगला असला की पदर खांद्यावर घेईन. तुम्ही तेवढ्यात मान हलवा." त्याने पिशवी खांद्याला लावली. मला वाटलं, मी त्याच्यावर उपकार केले.

गुरुवारी सकाळी महाडला गेले. राजेंद्रशेठ गल्ल्यावर चहा पीत होते. आवारात हिरकणीवाडीचा रामा आधीच येऊन थांबला होता. गडाखाली त्याची जेवणाची टपरी आहे, तिथल्या स्वयंपाकाला त्याला ओटा करायचा होता. मी आमचा नाटकाचा भाग चोख पार पाडला. दोन दगड सोडले, तिसरा टोकापासून टोकापर्यंत खणखणीत बोलला. मी पदर घेतला. महिपतीने मान हलवली. शेठ म्हणाले, "महिपतीनं पास केला म्हणजे प्रश्नच नाही." मला हसू आवरेना.

तेवढ्यात रामा पुढे आला. "मिस्त्री, आमचा बी ऐका की. ह्यो बघा, ह्यो काळा."

महिपती काळ्या दगडापाशी गेला आणि बोट वाकवलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दोन पावलं पुढेही झाले, जणू मलाही तो काळा दगड बघायचा होता. एक पदर घेतला की काम झालं असतं. पण उद्याच्या दगडाला मी कुठून येणार होते? परवाच्या? मी, शिकवणारी बाई, त्या माणसाला भर आवारात कॉपी शिकवत होते. माझी मान आपोआप खाली गेली.

महिपतीने बोट मागे घेतलं.

"शेट," तो मोठ्याने म्हणाला, नको इतक्या मोठ्याने, "मला ऐकू येत नाय. सा महिनं झालं. बाईंचा दगड माज्या चुकीनं बाद झाला. आत्ताचा बी बाईंनीच ऐकला, मी नाय."

शेठनी कप खाली ठेवला. कटरवाल्याने कटर बंद केला. इतक्या वेळ तो आवाज चालू होता हे बंद झाल्यावर कळलं.

"मग तू काम कसं करणार?" शेठनी विचारलं.

"हात हायेत. माप माजं, कापनं माजं, बसवनं माजं. ऐकायचं ज्याच्या घरचा दगड त्यानं. कसं ऐकायचं ते मी दावतो."

शेठनी कप पुन्हा उचलला. कामावर ठेवतो म्हणाले नाहीत, काढतो म्हणाले नाहीत. रामा दगडाकडे बघत होता, मग महिपतीकडे, मग बाहेर उभ्या टेम्पोकडे. मला वाटलं, गेला हा. दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर विचारणार. महिपतीलाही तेच वाटलं असावं, कारण त्याने पिशवी उचलली.

रामाने टेम्पोच्या दिशेने हाक मारली, "ए दर्शना, खाली उतर गो. रांधनार तू, दगड बी तूच ऐक."

त्याची बायको उतरली, पदराला हात पुसत आली. महिपतीने तिच्यासमोर उभं राहून आपलं बोट वाकवून दाखवलं, मनगट सैल कसं सोडायचं ते दाखवलं. तिने दगड वाजवला, कान खाली नेला, बोटभर पुढे सरकली, पुन्हा वाजवला. महिपती दगडाकडे बघतच नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, काल माझ्या चेहऱ्याकडे बघत होता तसाच.

"कसा बोलतो?" त्याने न राहवून विचारलं.

"थांबा वो मिस्त्री," दर्शना म्हणाली. "घाई कसली? अजून अर्धा ऱ्हायलाय."