नजर आधी कुठं जाते

हर्षा तितिरमारे वरठीतल्या चंद्रकुमारच्या फ्लेक्सच्या दुकानात सात वर्षं डिझाइन करत होती. वाढदिवस, लग्न, उद्घाटन. घाबरावं असं त्या कामात काही नव्हतं.

मग एका संस्थेनं सर्पदंशाचं पोस्टर करायला दिलं. हर्षानं मधोमध भला मोठा पाय घेतला, त्याला करकचून बांधलेली दोरी, त्यावर बारीकशी लाल फुली. 'असे करू नका' खाली, दवाखान्याची गाडी पार कोपऱ्यात. पोस्टर दिसायला झकास होतं. गावोगाव लागलं.

धानकापणीच्या दिवसांत चंद्रकुमार फोन ठेवून तिच्याकडं वळला. चेहरा उतरलेला.

"अड्याळकडल्या एका बाईनं नवऱ्याचा पाय दोरीनं आवळला म्हणते. साप चावला होता. आपलंच पोस्टर पाहून बांधला. आता भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहे तो."

हर्षानं फाइल उघडली आणि पहिल्यांदाच न वाचता नुसतं पाहिलं. नजर थेट दोरीवर पडली अन् तिथंच अडकली. फुली दोरीच्याच रंगात बुडालेली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत स्कूटी कशी चालवली, तिला आठवत नाही. बाहेरच्या बाकावर त्याच बाई, गोदावरीबाई, बसल्या होत्या. आत त्यांचा नवरा देवाजी. गप्प राहून परत फिरावं असं हर्षाला वाटलं. तरी ती बोलली.

"मावशी, ते पोस्टर मी बनवलं."

"मले वाचता नाही येत. चित्रात जसं होतं तसंच केलं," गोदावरीबाई म्हणाल्या. "काहून वो बाई, चुकलं का?"

हर्षाला रडू आवरेना. दोरीनं रक्त अडलं होतं; पाय वाचेल की नाही ते दोन दिवसांनी कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

ते दोन दिवस तिनं अन् चंद्रकुमारनं गावं पालथी घालून पोस्टरं फाडली. नवीन चित्रात दोरी ठेवलीच नाही: साप चावलेला माणूस, तिथून निघालेला रुंद रस्ता, रस्त्यावर गाडी, शेवटी दवाखाना.

तिसऱ्या दिवशी पाय वाचल्याचं कळलं. एक बोट मात्र गेलं. हर्षानं नव्या चित्राचा कागद गोदावरीबाईंपुढं धरला.

"मावशी, बोट फिरवा. आधी कुठं जाता?"

खरबरीत बोट माणसावरून रस्त्यानं सरकू लागलं. गाडीपाशी क्षणभर थांबलं.

"मंग दवाखान्यात," गोदावरीबाई म्हणाल्या.

आजही छापायच्या आधी हर्षा वाचता न येणाऱ्या कुणाला तरी शोधते. बोट शेवटाला पोचेपर्यंत तिची छाती धडधडत असते.