ब्रेकबाईंचं घर कितीला गेलं

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईंना शिकणारी मंडळी मागून 'ब्रेकबाई' म्हणत. शिकणाऱ्याचा पाय चुकायच्या आत त्यांच्या बाजूचा जादा ब्रेक दाबला जाई आणि वर, "घाबरू नका, मी आहे ना!" हे ठरलेलं वाक्य. आवाज खणखणीत, स्वभाव हसरा. नवऱ्याचं छपाईचं दुकान बुडालं आणि त्यापायी तारण ठेवलेलं घर बँकेने लिलावात काढलं, याचा मात्र त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

लिलावाला दोघं फिरकलेच नाहीत. आपल्या घराची बोली कोण कानांनी ऐकणार? शहराच्या पार दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. नवऱ्याने फोन नंबर बदलला, पत्ता कुणालाच दिला नाही. बँकेचं देणं अजून शिल्लक असणार, सापडलो की मानगूट धरतील, या धास्तीने तो एका गोदामात रोख मजुरीवर खोकी उचलायचा. दारावर थाप पडली की आधी खिडकीच्या फटीतून बघायचा.

एक दिवस नव्याने शिकायला आलेली दातांची डॉक्टर म्हणाली, "मॅडम, आज आमच्या घरापर्यंत जाऊ या? तिथला चढ मला काही केल्या जमत नाही."

चढ संपून गाडी वळली. समोर त्यांचंच घर होतं. फाटकाला हिरवा रंग नवा, पण खिडकीची तिरकी जाळी तीच.

"छान आहे हो घर," त्या कशाबशा म्हणाल्या.

"लिलावात घेतलं. स्वस्तात पदरात पडेल वाटलं होतं, पण एक गृहस्थ असे इरेला पेटले!" डॉक्टरने हसत हसत आकडा सांगितला.

बाईंचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी गचका खाऊन थांबली. मागचा गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारायला लागला.

"काय चुकलं माझं?"

"तुमचं काही नाही. आकडा परत सांगा."

तिने सांगितला. देणं, व्याज, दंड, लिलावाचा खर्च, सगळं धरलं तरी त्याच्या निम्म्यावर जात नव्हतं.

"हे घर आमचं होतं," बाई म्हणाल्या.

घरी नवरा भडकला. "वेड लागलंय का? आपल्या पायांनी बँकेत जायचं?"

बाई एकट्याच गेल्या. अधिकाऱ्याने संगणकात बराच वेळ डोकं घातलं.

"तुमचं कर्ज तेव्हाच फिटलं. वरची रक्कम तुमची आहे, इथे पडून आहे. आम्ही कळवलं होतं की!"

"कुठे कळवलंत?"

त्याने पत्ता वाचला.

"अहो, त्या घरातून तुम्हीच तर आम्हाला बाहेर काढलंत!"

"फोनही लावले, बाई. बंद होता."

त्या तडक गोदामात गेल्या. नवऱ्याच्या खांद्यावर खोकं होतं. ऐकता ऐकता त्याने ते खाली ठेवलं आणि त्याच्यावरच बसला. पैसे किती, हे त्याने विचारलंच नाही.

"म्हणजे आपलं कुणाचंच देणं नव्हतं?"

"नव्हतं."

"कधीपासून?"

"घर गेलं तेव्हापासून."

"ताई गेली तेव्हा मी गेलो नाही गं. कुणी ओळखेल म्हणून. शेवटचं तोंडसुद्धा बघितलं नाही मी तिचं." बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. 'मी आहे ना' म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

अर्जावर दोघांच्याही सह्या लागल्या. बऱ्याच खेपा घातल्यावर पैसे हातात आले. घर परत घेण्याइतके नव्हते, पण लहानसं छपाईयंत्र आणि भाड्याचा गाळा होण्यापुरते होते. यंत्र यायच्या आधी नवरा बहिणीच्या गावी गेला. भावोजींनी दार उघडलं.

"फार उशीर केलास रे," ते म्हणाले आणि आत यायला वाट करून दिली.