गिरणाकाठचा खांब

नवलभाऊ वीज कंपनीत लाईनमन होते. धरणगाव, एरंडोल, शेवटी भडगाव, अशी एकतीस वर्षं त्यांनी खांबांवर काढली. आता निवृत्त होऊन ते पिंप्राळ्यात राहतात. तिघांचं घर होतं. मुलगी मेघा नोकरीसाठी नाशिकला गेल्यापासून ते आणि प्रमिलाबाई असे दोघंच.

तारे बघायचा नाद त्यांना खांबावरच लागला. लोडशेडिंगचे दिवस होते. धरणगावजवळ एका फिडरचा जंपर, म्हणजे दोन तारांना जोडणारा तुकडा, जळाला म्हणून ते डिसेंबरच्या थंडीत वर चढले होते. काम झालं, पण खालून लाईट सोडायला वेळ होता. कमरेचा पट्टा खांबाला बांधून ते तसेच मागे रेलले. चारी बाजूला एकही दिवा नव्हता. तेव्हा एक उल्का डोक्यावरून गेली, आणि ती विझायच्या आत दुसरी. खालचा सोबती ओरडत होता, "नवल, उतर ना!" नवलभाऊंना उतरावंसं वाटेना.

पुढे त्यांनी वर्तमानपत्रातली कात्रणं जमवली, तारखा पाठ केल्या. डिसेंबरच्या तेरा-चौदाला मिथुन राशीकडून उल्का पडतात, ऑगस्टमध्येही पडतात पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात, हे ते कुणालाही सांगायचे. निवृत्तीच्या वर्षी मेघाने त्यांना जुना पण चांगला कॅमेरा आणि तो उभा करायला तिकाटणं घेऊन दिलं. एकाच फ्रेममध्ये गिरणा नदी आणि वरून पडणाऱ्या उल्का, असा एक फोटो त्यांना काढायचा होता. तेवढंच मनात होतं.

सुरुवात त्यांनी घराच्या गच्चीवरून केली. वीस सेकंद शटर उघडं ठेवलं की फोटोत आकाश ताकासारखं पांढरं यायचं. पूर्वी रस्त्यावर पिवळे दिवे होते, त्यांचा उजेड निदान मंद होता. आता पांढरे एलईडी आले आणि कॉलनीत सोनसाखळीची चोरी झाल्यावर प्रत्येकाने गेटवर फोकसही लावले. नवलभाऊंनी शेजारच्यांना विचारलं, "तासभर तुमचा फोकस बंद ठेवता का?" शेजारी म्हणाले, "भाऊ, मग कॅमेऱ्यात काय दिसेल?" त्यांना सीसीटीव्ही म्हणायचं होतं.

मग ते धरणगाव रस्त्यावरच्या एका ओळखीच्या कपाशीच्या शेतात जाऊ लागले. दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी पलीकडे कापसातून सरकी काढायचं जिनिंग उभं राहिलं. हंगामात ते दिवसरात्र चालतं आणि आवारात दिवस असल्यासारखा उजेड असतो.

शेवटी राहिलं भडगावच्या पुढचं गिरणाकाठचं एक लहान गाव. नोकरीची शेवटची वर्षं नवलभाऊंनी तिकडेच काढली होती. दोन हजार तेवीसच्या तेरा डिसेंबरला अमावास्या नेमकी आदल्या दिवशीच झाली होती. इतका नेमका योग आता पुन्हा आठ वर्षांनी, असा त्यांचा हिशेब होता. दुपारीच ते मोटरसायकलवर निघाले. प्रमिलाबाईंनी भाकरी, ठेचा आणि जुने लोकरी मोजे बांधून दिले. मोजे पायात घालायला नव्हते. तव्यावर तापवलेली वाळू मोज्यात भरून लेन्सभोवती बांधली की काचेवर दव धरत नाही, ही युक्ती नवलभाऊंनी स्वतः शोधली होती.

संध्याकाळी नदीकाठी पोहोचले आणि त्यांचा चेहरा उतरला. वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या खांबावर ग्रामपंचायतीने मोठा एलईडी लावला होता. त्याचा उजेड पाण्यावरून थेट पलीकडच्या काठापर्यंत जात होता.

ते सरपंच झुलालआबांकडे गेले. आबांनी त्यांना ओळखलं, चहा दिला, चुलीवर वाळू तापवायला तवाही दिला. दिव्याचं ऐकल्यावर म्हणाले, "दोन तास ना? करी टाकू बंद. बठ्ठा गाव झोपेल ऱ्हास त्या टायमाले."

साडेनऊला आबांनी दिवा बंद केला. नवलभाऊ वाळूत कॅमेरा लावून उभे होते. डोळे सरावायला पंधरा मिनिटं गेली आणि मग आकाश हळूहळू खाली आलं. पाण्यात तारे दिसू लागले. इतक्या वर्षांत त्यांनी असं पाहिलं नव्हतं. कॅमेरा आपोआप एकामागून एक फोटो घेत होता. एक उल्का गेली, पण ती फ्रेमच्या बाहेर. दुसरी कडेला बारीकशी गेली. रात्र अजून बरीच बाकी होती. मिथुन जसजशी वर येईल तसतशा त्या वाढणार होत्या.

दहाला पाच कमी असताना वाटेवरून हाक आली. "कोण शे तठे? लाईट कोनी बंद करी?"

आवाज बाईचा होता आणि कापत होता. नवलभाऊ बॅटरी घेऊन धावले. वाटेच्या मधोमध हातात काठी घेऊन मंदाबाई उभ्या होत्या. वस्तीवरच्या त्या शेतकरीण. शेताला रात्रीच लाईट मिळते, म्हणून दहाला मोटर सुरू करायला त्या निघाल्या होत्या. नवरा तापाने पडला होता.

"दिवाळीले मनी बकरी लई गया बिबट्या, आठेच," त्या पायाखालच्या वाटेवर काठी आपटत म्हणाल्या. "मी अर्धा रस्तामा हुभी शे. पुढे जावाले भ्याव वाटस, मांगे फिराले भ्याव वाटस."

नवलभाऊंनी बॅटरी स्वतःच्या तोंडावर धरली तशा त्या थबकल्या. "भाऊ, तुम्ही? हाऊ खांब तुम्हीच उभा करेल शे ना?"

खरं होतं. सात वर्षांपूर्वी याच बाईने कार्यालयात खेटे घालून खांब मागितला होता, आणि तो उभा केला त्या दिवशी सगळ्यांना गूळ वाटला होता.

"ताई, दोनच तासांसाठी..." नवलभाऊ म्हणाले. उल्का, फोटो, अमावास्या, यातलं काय सांगणार? ते खांबापाशी गेले, पेटी उघडली आणि स्वतःच्या हाताने खटका वर केला. वाट पांढरीफटक झाली. मग ते मंदाबाईंबरोबर विहिरीपर्यंत गेले, मोटर सुरू होईपर्यंत थांबले आणि परत त्यांना दारापर्यंत सोडून आले.

कॅमेरा तिकडे चालूच होता. दुसऱ्या दिवशी घरी संगणकावर त्यांनी फोटो पाहिले. अंधारातल्या सदतीस फोटोंत एक बारीक ओरखडा. त्यानंतरच्या दुधाळ फोटोंपैकी एकात, नदीच्या बरोबर मधोमध, टोकापासून टोकापर्यंत गेलेली मोठी उल्का होती. ती इतकी पुसट होती की प्रमिलाबाईंना बोटाने दाखवावी लागली. ते आठवडाभर तो फोटो गडद करत राहिले. आकाश गडद झालं की उल्का जायची.

चोवीस साली त्या तारखेला जवळजवळ पौर्णिमा होती. ते गेलेच नाहीत. पंचवीस साली कुणीतरी सांगितलं म्हणून धुळ्याच्या पुढे साक्रीच्या माळावर गेले. अंधार होता, पण क्षितिजभर पवनचक्क्यांचे लाल दिवे एकाच वेळी लागत होते, विझत होते. तिथे त्यांना चार उल्का मिळाल्या. प्रत्येक फोटोत खाली लाल ठिपक्यांची माळ होती.

मेघाने ते फोटो मागवून घेतले. तिने चारही उल्का एकाच फोटोत आणल्या, लाल दिवे काढून टाकले आणि खाली दोन वर्षांपूर्वीची गिरणा जोडली. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकल्यावर दिवसभर कौतुक चाललं. "नवलभाऊ, तुम्ही तर कमालच केली!" मेघाने फोन केला. "बाबा, झाला ना तुमचा फोटो?"

ती किती रात्री जागली होती ते तिच्या आवाजावरून कळत होतं. नवलभाऊ म्हणाले, "हो. झाला. छान झाला."

प्रमिलाबाईंनी त्याची मोठी फ्रेम करून बैठकीत लावली. पाहुणे आले की त्या कौतुकाने दाखवतात, कुठे काढला, किती थंडी होती ते सांगतात. त्यांचं सांगून होईपर्यंत नवलभाऊ पाणी आणायला म्हणून आत जातात आणि माठापाशी उभे राहतात.